टाकीच्या पानाचा दाखला

धावडा, रविवार

चि. मार्तंडास,

कुलूप लाव म्हणलं तर तू दारावर ‘आत चोर हाय’ अशी पाटी लावून गेलास, अन् वरून फोन उचलत न्हाईस! म्हणून हे पत्र औरंगाबादच्या एसटीच्या ड्रायव्हरकडं देतेय. (आशीर्वाद घे. कंबर दुखायची थांबली का? आमचं सगळं बराबर.)

आमच्या महिला दूध संस्थेच्या टाकीचं तापमान तू कॉम्प्युटरवर दिसायला लावलंस, ते बेस केलंस. कॉम्प्युटरमधलं तुझं ते लिनक्स, गेलेली लाइट परत येताच आपलं आपण उठून कामाला लागतं. आमच्या सेक्रेटरी सत्यशीलाला तीन हाका माराव्या लागतात. डेअरीचे साहेब जालन्यात बसून इंटरनेटवर टाकीचं पान उघडायचे, चार डिग्री बघायचे, मंग टँकर सोडायचे. पण मधी कुणी आकडे बदलू नये म्हणून तू त्या पानाला एचटीटीपीएसचं कुलूप लावलंस, अन् साहेबांच्या पडद्यावर लाल अक्षरात आलं, या जागेचा भरोसा धरू नका. साहेब म्हणले, गुरुवारपर्यंत नीट करा, न्हाई तर टँकर बंद. दोनशे लिटर दूध मी काय डोक्यावर घेऊन हिंडू?

मागं तू फोनवर म्हणलास, त्या कुलपाचा दाखला, म्हणजे सर्टिफिकेट, मीच बनवला अन् सही बी माझीच, म्हणून मशीन मानत न्हाई. मंग मशीनचं काय चुकलं? माझं दूध चांगलं असं मी म्हणले म्हणून डेअरी घेते का? फॅट तपासूनच घेते ना! म्हणलास, मानलेल्या माणसाची सही पाहिजे. (कोण मानलेला, ते सांगायच्या आधी तुझा फोन कट.) मी दाखला कागदावर काढला अन् सरपंच अप्पारावांकडं गेले. जेवत होते. म्हणलं, हात धुवा, सही करा. त्यांनी न वाचता गोल शिक्का मारला. दोन दिवस तो कागद कॉम्प्युटरच्या तोंडाला चिकटवला. लाल ते लालच.

आता सत्यशीला भोकरदनला विचारून आली. सगळी मशीनं मानतात अशा संस्था हायत म्हणे, त्या तपासून दाखला देतात. तेवढा आणून बसव. टाकी एक दिवस बी चारच्या वर गेली न्हाई, चाळीस बाया टायमावर दूध घालून राह्यल्या. साहेबांनी एकदा पान उघडलं की टँकर येतोच बघ.

तुझी आत्या,
झुंबरबाई

ता.क. दाखल्याशेजारी गुप्त चावीची फाईल होती, ती बी कागदावर काढली. संस्थेच्या कपाटाची चावी तिघींकडं असते, तशी तिघींना एकेक प्रत दिली. चौथी उरली, ती हरवू नये म्हणून बाहेर फळ्यावर लावली. सत्यशीला म्हणते, आता चावी बी नवीच लागंल.

आणखी ता.क. दोन्ही संगटच कर. बुधवारी दुपारच्या आत उत्तर पाहिजे. न्हाई तर गुरुवारचं दोनशे लिटर तुझ्या ऑफिसात आणून ठेवते. बस मंग बासुंदी आटवत.