आजी ‘नाही’ म्हणाली होती

मी, लेनोरा ऑगस्ट, राहणार टर्न पॉइंट, ब्रिटिश कोलंबियाचा किनारा, वय वर्षे एक्क्याऐंशी, हे लिहिताना पूर्ण शुद्धीवर आहे. गुडघे गेले आहेत, कान शाबूत आहेत. कान शाबूत आहेत हे मुद्दाम नोंदवते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणी म्हणेल की म्हातारीला भास होत होते. कोणाच्या सांगण्यावरून वा दडपणाखाली हे लिहिलेले नाही. यापूर्वीचा, निळ्या वहीतला कागद रद्द समजावा. त्यात मी खरे लिहिले नव्हते.

कलम १. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम माझी भाची डेल्फीन हिच्याकडे देते. तिने रडत बसू नये. कागद वाचून होईपर्यंत कोणाला कॉफी देऊ नये, नाहीतर लोक मधेच गप्पांना लागतात.

कलम २. राहते घर, त्यातील भांडीकुंडी, शिवणयंत्र आणि बँकेत जे काही उरले असेल ते डेल्फीनला. घराची मागची खिडकी ओहोटीच्या बाजूला उघडते. ती मी सत्तावन्न वर्षे बंद ठेवली. तिने उघडावी की नाही हे तिचे तिने ठरवावे.

कलम ३. मासे धुरी देऊन टिकवण्याची खोपटी आणि देवदाराचे रचलेले सरपण गावाचे. ज्याला लागेल त्याने वापरावे आणि वापरून झाल्यावर राख काढून ठेवावी. राख न काढणारे कोण आहेत ते गावाला माहीत आहे.

कलम ४. मासे चिरण्याच्या माझ्या चारही सुऱ्या शेजारी पर्सी मूडी याला. त्याने १९६२ साली धक्क्यावर सगळ्यांदेखत मला ‘विद्यापीठाची बाई’ म्हटले. त्यानंतर मी त्याच्याशी सोळा वर्षे बोलले नाही. पर्सी, तू म्हणालास ते खरे होते. किती खरे होते, ते तुला ठाऊक नव्हते. म्हणून पुढचे कलम तू नीट ऐक.

कलम ५. माझ्या स्वयंपाकघरात खालच्या फळीवर पिठाचा हिरवा डबा आहे. त्याच्या तळाशी मेणकापडात गुंडाळलेली ध्वनिफीत आहे, क्रमांक सात. भाषेच्या वर्गाचे शिक्षक रूबेन टॉम यांनी मला दोनदा विचारले, “मावशी, सहा फिती दिल्यात, आठवी दिलीत, मग सातवी कुठंय?” मी सांगितले, “यंत्रात अडकते रे ती.” ती अडकत नाही. तिच्यात काय आहे ते मला माहीत आहे, म्हणून मी ती लपवली. ते आता सांगते.

१९६१ च्या जूनमध्ये दक्षिणेकडच्या शहरातल्या विद्यापीठाचे प्राध्यापक हॅडली ब्रूस्टर आमच्या गावी आले. मी तेवीस वर्षांची होते. सरकारी वसतिशाळेने माझी भाषा बरीच मोडली होती, पण छातीच्या आजारामुळे मला लवकर घरी पाठवले आणि आजीने ती भाषा पुन्हा माझ्या तोंडात बसवली, एकेक शब्द करून, मासे सोलता सोलता. दोन्ही भाषा येणारी गावात मी एकटीच तरुण होते. ब्रूस्टरने मला दुभाषी म्हणून ठेवले. तो मला ‘सहकारी’ म्हणायचा. यंत्राचे हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवायचा आणि विचारायचा, “आवाज बरोबर येतोय ना?” तोवर मला कोणत्याही गोऱ्या माणसाने काही बरोबर आहे का असे विचारले नव्हते. त्याने मला विद्यापीठात जागा मिळवून देण्याचा शब्द दिला होता.

समोरच्या बेटाला आमच्या भाषेत निजलेल्यांचे बेट म्हणतात. साथीत गेलेली माणसे तिथल्या कपारींत, देवदाराच्या पेट्यांत ठेवलेली होती. ब्रूस्टरला त्या पेट्या हव्या होत्या. माझी आजी मॅग्डालेन हिची धाकटी बहीण तिथे होती. सहा वर्षांची असताना गेलेली. तिच्या गळ्यातली निळ्या मण्यांची माळ आजीने स्वतः ओवली होती.

आजीच्या स्वयंपाकघरात यंत्र चालू असताना ब्रूस्टर मला म्हणाला, “विचार त्यांना, बेटावर जायला त्यांची परवानगी आहे का.”

मी विचारले. आजीने हातातले काम खाली ठेवले. ती म्हणाली, “नाही. तिथं माझी बहीण निजली आहे. तिला उठवू नका.”

मी त्याला इंग्रजीत सांगितले, “आजी म्हणते, तिथं तिची बहीण निजली आहे. तिला हळू उचला.”

एवढेच. एकच क्रियापद मी बदलले. पहिला ‘नाही’ मी गाळला.

लोक म्हणतील, शाळेने भाषा मोडली होती, पोरीला कळले नसेल. माझ्यासाठी ही सबब कोणी पुढे करू नये. मला कळले होते. आजीने नकाराची मान हलवली, ती ब्रूस्टरनेही पाहिली. मान हलवलेली कळायला दुभाषी लागत नाही. त्याचा वाटा त्याच्यापाशी, माझा माझ्यापाशी.

होडी मीच चालवली. अकरा पेट्या धक्क्यावर उतरल्या तेव्हा आजी तिथे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि इंग्रजीत म्हणाली, “घरी जा.” तिला इंग्रजीचे चाळीसेक शब्द येत असतील, दुकानातले. त्यानंतर ती नऊ वर्षे जगली आणि माझ्याशी फक्त त्या चाळीस शब्दांत बोलली. मीठ. पाणी. मासा. उद्या. आमच्या भाषेत ती कुत्र्याशी बोलायची, पर्सीच्या आईशी बोलायची, मी खोलीत आले की थांबायची. तिचा शेवटचा शब्दही इंग्रजीच होता, “दार.” उघडू की लावू, हे तिने सांगितले नाही. मी लावले. बरोबर केले की नाही, अजून माहीत नाही.

विद्यापीठात मी सहा महिने होते. मी नापास होऊन परत आले असे गावाला सांगितले, ते खोटे आहे. माझे गुण चांगले होते. आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर भरायचा आणि त्या अकरा जणांना त्याच इमारतीच्या तळघरात ठेवले होते. मी एकदाही खाली गेले नाही. पण फेब्रुवारीत, भर दुपारी, वर्ग चालू असताना मला बाहेरच्या फरशीवर पावले ऐकू आली. लहान मूल ओल्या गोट्यांवरून अनवाणी चालते तशी. त्या फरशीवर गोटे नव्हते. शेजारच्या मुलीला मी विचारले, “ऐकू येतंय का?” ती म्हणाली, “काय?” मी वही मिटली आणि त्याच आठवड्यात बोटीने घरी आले. पावले माझ्यासोबत आली. तेव्हापासून ओहोटीच्या दुपारी ती मागच्या खिडकीखाली असतात. मागची खिडकी त्यासाठी बंद आहे. तीस वर्षे मी माशांच्या कारखान्यात यंत्रांच्या गोंगाटात राबले, तेही त्यासाठीच.

कलम ६. इंग्रिड सॉलबर्ग हिला माझा रबरी एप्रन. ती हसेल. २००३ साली ती त्याच विद्यापीठातून आली. मी दारातच विचारले, “काय न्यायला आलीस?”

ती म्हणाली, “न्यायला नाही, मावशी. आमच्याकडे तुमचं काय काय आहे, ते सांगायला आलेय.”

तिने यादी दिली. क्रमांक नऊपुढे लिहिले होते: बालक, लिंग अनिश्चित, निळे मणी. मी यादी परत तिच्या हातात दिली आणि सांगितले की आधी मासे चिरायला शीक, मग बोलू. ती चार उन्हाळे आली. पहिल्या वर्षी तिने चिरलेले मासे कुत्र्यानेही हुंगून सोडले. चौथ्या वर्षी गावाने तिला सभेत बसायची खुर्ची दिली.

त्या सभांमधून गाव आणि विद्यापीठ यांच्यातला करार झाला. संशोधनाला येणाऱ्याने आधी गावासमोर उभे राहून काय हवे आणि का हवे ते सांगायचे. लिहिलेले छापण्याआधी गावाने वाचायचे. आवाज, कागद, हाडे, सगळ्यांवर मालकी गावाची. आणि आठवे कलम असे: ‘गावाने नाही म्हटले तर कारण विचारायचे नाही, आणि दुसऱ्या माणसाला गाठून पुन्हा विचारायचे नाही.’ त्यासाठी मी दोन हिवाळे भांडले. विद्यापीठाचे वकील म्हणाले, “बाई, कारण कळलं तर आम्हाला सुधारता येईल.” मी म्हटले, “तुम्ही कारणाशी वाद घालाल. ‘नाही’शी घालता येत नाही.” शेवटी त्यांनी सही केली. आता दूरदूरची विद्यापीठे ते कलम आपल्या करारांत घेतात आणि त्याला ‘लेनोराचे कलम’ म्हणतात. मला त्यासाठी विद्यापीठाकडून दोन शाली आणि एक लाकडी वल्हे मिळाले आहे. टाळ्या वाजत असताना माझ्या कानात ती पावले चालू होती.

कलम ७. त्या शाली आणि वल्हे विद्यापीठाला परत करावे. करारातल्या आठव्या कलमावरून माझे नाव काढून आजी मॅग्डालेनचे लावावे. ते तिचे वाक्य आहे. ते पोचवायला मला सत्तेचाळीस वर्षे लागली.

कलम ८. २००९ साली अकरा जण परत आले. आम्ही नव्या पेट्या केल्या, त्यांच्यासाठी अग्नीत अन्न जाळले आणि त्यांना बेटावर ठेवले. मला वाटले होते, आता पावले थांबतील. दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी खिडकीशी उभी राहिले. ती होती. मग दोन वर्षांनी विद्यापीठाने ब्रूस्टरच्या फितीही परत पाठवल्या. सातवी मी एकटीने ऐकली. आजीचा आवाज आला, मग माझा. माझा आवाज किती गोड होता. जराही अडखळला नाही.

कलम ९. माझ्यामागे सातवी फीत रूबेनच्या वर्गाला द्यावी आणि कोणताही भाग न कापता ऐकवावी. वर्गातल्या मुलांची भाषा आता चांगली झाली आहे, त्यांना माझी मदत लागणार नाही. एक प्रत इंग्रिडने विद्यापीठात न्यावी. ब्रूस्टरच्या ग्रंथात जिथे जिथे ‘वृद्धेने अनुमती दिली’ असे छापले आहे, तिथे तिथे आजीचे खरे शब्द आमच्या भाषेत आणि खाली इंग्रजीत जोडावेत. दुभाषीचे नावही लिहावे. सौम्य शब्द वापरू नयेत. खोटे सांगितले, असे लिहावे.

इंग्रिडला हे मी मागच्या महिन्यात सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “लोक म्हणतील, मग त्या कराराला अर्थ काय राहिला?”

मी म्हटले, “अर्थ आत्ता आला. तुमच्या माणसानं फसवलं एवढंच लिहिलं, तर पुढची पोरं फक्त तुमच्यावर नजर ठेवतील. मधे उभा असलेला आपलाच माणूस कोण बघणार?”

“मावशी, तुम्ही तेव्हा तेवीस वर्षांच्या होता.”

“ती सहा वर्षांची होती,” मी म्हटले.

कलम १०. माझ्या देहाबद्दल. डेल्फीनने गृहीत धरले आहे की मला बेटावर, तिथेच ठेवलेल्या आजीच्या शेजारी ठेवायचे. तिने तसे काही करू नये. आधी ही फीत सगळ्या गावाला ऐकवावी, लहानांनाही. त्यानंतर सभेत विचारावे की लेनोराला बेटावर जागा आहे का. सभेत पर्सीलाही बोलू द्यावे. तोवर मला चर्चमागच्या जमिनीत ठेवले तरी चालेल, तिथेही माती बरी आहे. मी ती जागा मागत नाही, विचारते आहे. मला कोणी दुभाषी नको. आमच्याच भाषेत विचारावे आणि जे उत्तर येईल ते जसेच्या तसे माझ्या थडग्याशी येऊन मोठ्याने सांगावे.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, आधी आमच्या भाषेत आणि मग इंग्रजीत, आणि दोन्ही मजकूर एकच आहेत याची शब्दाशब्दाने खात्री केली. दोन्हींत कधी फरक निघालाच, तर आमच्या भाषेतला खरा धरावा.

सही: लेनोरा ऑगस्ट

आम्ही खाली सही करणारे दोघे एकाच वेळी हजर असताना लेनोरा ऑगस्ट यांनी हे दोन्ही भाषांत वाचून दाखवले आणि आमच्यासमोर सही केली. यातून आम्हा दोघांना काहीही मिळायचे नाही.

साक्षीदार: ग्लॅडिस जो, टपाल कार्यालय, टर्न पॉइंट
साक्षीदार: फ्रान्सिस ओवेन, परिचारक, टर्न पॉइंट दवाखाना

स्थळ: टर्न पॉइंट, लेनोरा ऑगस्ट यांचे स्वयंपाकघर
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९, दुपार, ओहोटी