विमा गाडीचा असतो

अप्पा, तुमच्या नातीला गाडीचं लायसन मिळालं. तुम्ही गेलात तेव्हा ती माझ्या पोटातही नव्हती. आता एकोणीस वर्षांची आहे, घरी राहूनच कॉलेज करते. हे तुम्हाला आनंदानं कळवायला हवं होतं. पण मी जे सांगायला बसलेय ते वेगळंच आहे, आणि ते सांगताना तुमच्या फोटोकडंसुद्धा बघवत नाही.

तुम्ही मला जीप शिकवलीत ते दिवस आठवतात. सुगी संपलेली, मुरुमच्या आपल्या आडत दुकानातली गर्दी ओसरलेली. दुपारी तुम्ही मला शेताच्या गाडीवाटेवर नेता, स्वतः शेजारी बसता, आणि क्लच सोडताना जीप दचकून बंद पडली तरी हसत नाही. एकदा ती सारखीच बंद पडायला लागली, तेव्हा मी रडत उतरले आणि घराकडं चालू लागले. मला लाडानं अव्वा म्हणणारे तुम्ही मागनं रागावून म्हणालात, "अव्वा, जीप काय हितंच ऱ्हाऊ द्यायची? आणलीस तू, नेणार बी तूच." त्या दिवशी मी ती दुकानाच्या दारापर्यंत आणली. ओट्यावरच्या एकानं विचारलं, "अप्पा, पोरीला जीप कशाला वो?" तुम्ही म्हणालात, "तिला कुठंतरी जायचं आसंल, म्हणून."

लग्नानंतर मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सासरी गाडी चालवायची ती पुरुषांनी. लायसनची मुदत संपली, ते मी नवं करून घेतलं नाही. आईला गाडी येते हे माझ्या लेकीला ठाऊकही नाही.

तिला लायसन आलं त्याच सुमारास गाडीचा विमा भरायचा होता. गाडी यांच्या नावावर. मी एजंटला विचारलं, "पोरगी आता चालवणार. नवीन लायसन आहे. तिचं नाव वेगळं घालावं लागतं का?"

"न्हाय ताई. विमा गाडीचा असतो. चालवणाऱ्याकडं चालू लायसन पाहिजे अन् मालकाची परवानगी. लर्निंगवर असती तर शेजारी लायसनवालं कुणीतरी बसवावं लागलं असतं. आता पक्कं हाय. बिनघोर चालवू द्या."

मी घरी आले तर ती अंगणात गाडी मागं घेत होती, लिंबाच्या झाडापासून अलगद वळवून, एक हात स्टिअरिंगवर, मान मागं. काच खाली करून तिनं विचारलं, "काय म्हणाले गं आई?"

मी म्हणाले, "तुझा विमा होत नाही अजून. वर्षभर तरी नाही. तू चालवताना काही झालं तर सगळं पप्पांच्या अंगावर येईल."

तिनं गाडी बंद केली आणि किल्ली माझ्या हातात दिली. वाद घातला नाही.

काही महिन्यांनी मी तामलवाडीला बारशाला गेले होते. आमचं घर गावाबाहेर, शेतात. दुपारी जेवताना यांच्या हातातला घास खाली पडला, तोंड वाकडं झालं, बोललेलं कळेना. घरात लेक एकटी. तिनं अँब्युलन्सला फोन लावला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. मग माझ्या दिराला लावला. ते तासाभराच्या वाटेवर उमरग्याला होते, "निघालोच" म्हणाले. गाडी दारात उभी, किल्ली खुंटीला, लायसन तिच्या पर्समध्ये. आणि ती वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन काकांची वाट बघत बसली.

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जरा लवकर आणायला हवं होतं. जीव वाचला, पण उजवा हात किती परत येईल ते सांगता येत नाही. मी पोचले तेव्हा लेक व्हरांड्यात मला बिलगली. "आई, मी नेलं असतं गं. पण माझा विमा नव्हता ना. वाटलं, रस्त्यात काही झालं तर पप्पा आणखी अडकतील."

दीर शेजारीच उभे होते. "कुणी सांगितलं तुला आसं? लायसन हाय की तुझ्याकडं. विमा गाडीला आसतोय."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग स्वतःच म्हणाली, "आईला एजंटचं नीट कळलं नसंल, काका. ती कुठं चालवते?"

आणि अप्पा, मी म्हणाले, "व्हय, मला न्हाय कळलं."

आता यांना बोलता येतं, थोडं अडखळत. उजव्या हातात चमचा धरता येत नाही. हाताच्या व्यायामासाठी लेकच त्यांना गाडीतून उमरग्याला नेते, मी मागं बसते. परवा ती म्हणाली, "आई, तू पण शिक की. मी बसते शेजारी." मी म्हणाले, या वयात आता काय. हेही एक खोटंच.

कुणालाही वाटेल, आईच ती, अपघाताला भ्यायली असेल. मलाही बरेच दिवस तसंच म्हणून बघावंसं वाटलं. पण भीती नव्हती. अंगणात तिची ती मागं वळलेली मान बघितली आणि मला तिचा हेवा वाटला. पोटच्या पोरीचा. तुम्ही दिलेलं मी घालवून बसले, आणि हिला ते इतकं सहज मिळालं, हे मला बघवलं नाही. तेवढ्यापायी यांचा हात गेला.

तिला खरं सांगायचं रोज ठरवते. ती समोर येते, जेवायला वाढते, आणि माझी जीभ उचलत नाही. म्हणून हे तुम्हाला लिहिलं. तुम्ही 'का' म्हणून विचारणार नाही. ती विचारेल.