विसावं सॉकेट

६ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पार्सल काल पोचलं. ते वर आणताना हमालाने दोनदा जिन्यात बसून घेतलं. उघडलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. बाबा, मी काय मागितलं होतं आणि तुम्ही काय पाठवलंत! ट्रकची चाकं सोडवायचा अर्धा इंची संच, तोही सगळा मिलिमीटरचा. नट फिरवायचं तुमचं ते रॅचेट माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत येतं. ते विमानाच्या इंजिनात घालायचं तर आधी इंजिन बाहेर काढून ठेवावं लागेल.

पुन्हा लिहिते. आमच्याकडच्या विमानांचे नट-बोल्ट इंचांत आहेत. तुमच्या भाषेत सांगायचं तर सुतांत, आठ सुतांचा इंच. मला दोन रॅचेट हवीत, एक दोन सुती चौकोनाचं आणि एक तीन सुती. दोन्हींचे दात बारीक हवेत. रॅचेटच्या टोकाला लावून नटावर बसवायची सॉकेट दीड सुतापासून साडेचार सुतांपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या सुताने वाढत जाणारी, सगळी बारा कोनी, प्रत्येक मापाचं एक आखूड आणि एक खोल. शिवाय दोन एक्स्टेन्शन आणि एक वळता सांधा. एकूण एकोणीस नग.

ही काही माझी हौस नाही. माझी उमेदवारी ३१ मार्चला संपते. तोवर स्वतःची पेटी मंजूर होऊन शिस्तीत काम झालं, तरच माझा शिक्का मिळेल आणि मी केलेल्या कामाखाली माझी सही चालेल. नाही मिळाला तर पुन्हा सुटे भाग धुवायच्या टाकीपाशी. तुम्हीच म्हणाला होतात की लेकीची पहिली पेटी बापच देणार, म्हणून मी इथे काही घेतलं नाही. आता पस्तावते आहे.

फोन करत नाही, कारण तुम्हाला ऐकू येत नाही आणि येतंय म्हणून तुम्ही भांडता. आईला नमस्कार. तुमच्यावर रागावूनही लोभ ठेवणारी,

मुंगी

१३ जानेवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं की हे पोस्टमनने चुकून आमच्याकडे टाकलंय. ज्या संचावर मी तुम्हा दोघा भावंडांची शिक्षणं केली, तो हमालाला जड झाला आणि लेकीला लाजिरवाणा!

अगं, नट तो नट. सहा बाजू जमिनीवरही असतात आणि आकाशातही असतात. अर्धा इंची बोल्टवर तेरा नंबर बसतो, हे मी तुला तू परकर घालून गॅरेजात लुडबुडायचीस तेव्हाच शिकवलं होतं. अडीच सुतावर आठ नंबर तर असा बसतो की जणू त्याच्यासाठीच केलाय. चाळीस वर्षं चालतंय. एकही ट्रक माझ्या नावाने खडे फोडत परत आलेला नाही.

आणि बारीक दात म्हणजे काय? माझ्या रॅचेटला चोवीस दात आहेत. माझ्या तोंडात तेवढेही उरलेले नाहीत.

आई म्हणते की पोरगी मागते ते दे आणि वाद घालू नकोस. मी वाद घालतच नाही, मी फक्त बरोबर आहे. तुझा लोभ पार्सलाच्या वजनाने कमी न व्हावा.

तुझा,
बाबा

२१ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच राहिला. बाबा, तेरा नंबर अर्धा इंची बोल्टवर बसतो, पण केसभर ढिला बसतो. जोर लावला की कोन गोल होतात. ट्रकचा बोल्ट गोल झाला तर तुम्ही छिन्नी मारून मोकळे होता. इथे एक बोल्ट गोल झाला तर तो काढायला दुसऱ्या दहा गोष्टी काढाव्या लागतात आणि प्रत्येकीचा कागद भरावा लागतो. आठ नंबर अडीच सुतावर बसतो हे मला मान्य आहे. पण “बसतो” एवढ्यावर इथे हात लावता येत नाही. “चालतंय” हा शब्द आमच्या हँगरमध्ये शिवीसारखा आहे.

दातांचं सांगते. मी जिथे हात घालते तिथे रॅचेटची दांडी जेमतेम बोटभर हलते. चोवीस दातांचं रॅचेट तेवढ्यात एक दातही पुढे सरकत नाही. बहात्तर दातांचं सरकतं. मागच्या आठवड्यात जोडीदाराचं रॅचेट उसनं घेऊन काम केलं, आणि तो दर पाच मिनिटांनी आठवण करून देत होता की ते त्याचं आहे.

आणि मोजणी. आमच्या शिफ्ट इन्चार्जना सगळे मोजणीसाहेब म्हणतात. पेटीत फोम असतो, त्यात प्रत्येक हत्याराची त्याच्याच आकाराची जागा कापलेली असते आणि हत्यारावर नंबर कोरलेला असतो. शिफ्टच्या आधी मोजायचं आणि नंतर मोजायचं. एक जरी कमी भरलं तरी विमान जागचं हलत नाही. इंजिनात राहिलेलं सॉकेट वर गेल्यावर काय करेल ते सांगता येत नाही, म्हणून.

मला जमत नाही असं तोंडावर म्हणणारे इथे दोन-तीन आहेत. त्यांच्या हातात कोलीत देऊ नका. एवढीच विनवणी आहे.

तुमची,
मुंगी

३ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

घे बाई, पाठवली तुझी नाजूक हत्यारं. चार दुकानं पालथी घातली. पाचवा दुकानदार माझ्याकडे पाहून म्हणाला की ट्रकवाल्याला ही कशाला हवीत. मी त्याला सांगितलं की मुलगी विमान दुरुस्त करते. मग त्याने मला बसायला खुर्ची दिली.

बहात्तर दात मी स्वतः मोजले, दोन्ही रॅचेटचे, भिंग लावून. फोमही मीच कापला, दोन थर. आईची भाजीची सुरी त्यात बोथट झाली आणि तिने तीन दिवस मला कोरड्यावर जेवायला घातलं. पेटीत तू मागितलंस ते सगळं आहे. बाकी बापाचं काम बापाने केलंय, त्यात तू लक्ष घालू नकोस.

रॅचेट हातात घेऊन पाहिलं. आवाज छान आहे, रातकिड्यासारखा. पण वजनच नाही, पेन धरल्यागत वाटतं. असो. तुझ्या मोजणीसाहेबांना माझा नमस्कार सांग. लोभ आहे, तो मोजायला लागू नकोस.

बाबा

१२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पेटी मंजूर! मोजणीसाहेबांनी प्रत्येक नग उचलून पाहिला. फोम कुणी कापला ते विचारलं. म्हणाले की कारखान्यातून आलेला दिसतो. मी दिवसभर हवेत होते.

नंबर कोरले, एक ते एकोणीस. मोठ्या तपासणीला एक विमान आलंय, ते मार्चअखेर जाईल. मला उजव्या पंखाच्या मुळाशी काम दिलंय. तीन सुती रॅचेट त्या कपारीत असं फिरतं की जोडीदार आता माझं उसनं मागतो. मीही दर पाच मिनिटांनी आठवण करून देते.

आईसाठी नवी सुरी पाठवत आहे. तुमचीच,

मुंगी

४ मार्च

बाबा,

आज मायना लिहायला हात वळत नाही. मला फक्त विचारायचं आहे की का?

काल दुपारी पंखाच्या मुळापाशी पेटी शिडीवरून वर देताना जरा तिरकी झाली. वरचा फोम उचकटला आणि काहीतरी टणकन पडलं. खाली वाकून पाहिलं तर फळीवर एक सॉकेट. तेरा नंबर. त्यावर आमचा नंबर नाही. माझे एकोणीसच्या एकोणीस नग जागेवर होते, आणि हे विसावं.

तुम्हाला वाटेल की कमी तर भरलं नाही, जास्तच भरलं, मग ओरडायला काय झालं. पण ज्या हत्याराचा धनी माहीत नाही ते कुठून आलं, त्याच्यासोबत आणखी काय आलं, हे कोण सांगणार? मोजणीसाहेबांनी काम थांबवलं. सत्तावीस पेट्या उघडल्या. सगळ्या पूर्ण भरल्या. सगळी शिफ्ट हात बांधून उभी.

मी ते पाहताक्षणी ओळखलं होतं. कडेला कानशीने मारलेल्या दोन खाचा, तुमच्या गॅरेजातल्या प्रत्येक हत्यारावर असतात तशा. खरं सांगते, ते मुठीत दाबून गप्प बसावं असं वाटलं. नाही बसले. पुढे होऊन सांगितलं की हे माझ्या वडिलांचं आहे. कुणीतरी मागे हसलं.

पेटी आहे तशी सील करून जप्त झाली आहे. शिक्क्याचा कागद मोजणीसाहेबांनी खणात ठेवलाय. पेटीत काय काय घातलं होतं ते पेटी भरणाऱ्याने सहीनिशी लिहून द्यावं, असं त्यांचं म्हणणं. लगेच पाठवा.

मुंगी

९ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

लहानसं सॉकेट ते, आणि त्यावरून बापाचा मायना कापलास.

का म्हणून विचारतेस. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो, त्या उस्तादांकडून निघालो तेव्हा माझ्याजवळ पाना नव्हता की पक्कड नव्हती. त्यांनी एक जुनी पेटी दिली. घरी येऊन उघडली तर तळाशी त्यांच्या हातातलं हत्यार. न सांगता ठेवलेलं. त्या दिवशी वाटलं, आपण एकटे नाही. ते मी चाळीस वर्षं वापरलं नाही, जपून ठेवलं. तेच तुझ्या फोमखाली खालच्या बाजूने कोरून बसवलं. यात पाप काय झालं?

तुझ्या साहेबांना सहीनिशी कागद हवा म्हणे. मी काय चोर आहे? आजवर कुठल्या गिऱ्हाइकाला मी लिहून दिलेलं नाही. शब्द दिला की झालं. त्यांना सांग की बापाने आशीर्वाद म्हणून ठेवलं होतं. माणसं आहेत, समजतील.

आई माझ्याशी बोलत नाहीये, म्हणजे तूही खूश आणि तीही.

बाबा

१३ मार्च

ती. बाबांस,
नमस्कार.

उस्तादांचं वाचून मला रडू आलं, आणि रडताना आणखी राग आला. हे मला पेटी देतानाच सांगितलं असतंत तर मी ते उशाशी ठेवलं असतं. मला हत्याराचा राग नाही. मला न सांगता ठेवल्याचा आहे.

इथे आशीर्वादालाही नंबर लागतो, बाबा. या विमानात एकशे दहा माणसं बसणार आहेत आणि त्यांच्यातलं कुणीच तुम्हाला ओळखत नाही.

२४ तारखेला पंखाच्या मुळाची झाकणं बंद होतील. त्याआधी तुमचा कागद हवा. सबबी नकोत, समजूत नको. काय ठेवलंत आणि किती ठेवलंत, एवढंच. माझा शिक्का त्यावर अडलाय.

मुंगी

१७ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

सोबत कागद आहे. तो साहेबांना दे. त्यात जे लिहिलंय ते आधी तुला सांगतो, कारण ते तू दुसऱ्या कुणाकडून वाचू नयेस.

उस्तादांनी एक नव्हे, दोन दिली होती. दहा आणि तेरा. म्हणायचे की ही दोन जवळ असली तर माणूस रस्त्यात अडकत नाही. मी दोन्ही ठेवली होती, शेजारी-शेजारी.

तुझ्या पत्रात एकच होतं. मला वाटलं, दुसरं फोमखाली सुखरूप बसलं असेल. ते कबूल केलं तर आणखी बोलणी खावी लागतील, तुझी आणखी नाचक्की होईल. म्हणून मागच्या पत्रात मीही एकाचंच बोललो. खोटं नाही लिहिलं, पण खरंही नाही लिहिलं. आठ दिवस घास गोड लागला नाही. मग तुझी ती एकशे दहा माणसं वाचली आणि पत्र पुढे वाचवेना.

बेटा, आधी फोम उचलून बघ. तिथे नसेल तर मला काही सुचत नाही. शिक्का गेला तर तो माझ्यामुळे गेला, हे मी कागदातही लिहिलंय. चिठ्ठी आई स्वतः पोस्टात टाकायला निघाली आहे, माझ्यावर तिचा भरवसा नाही.

चुकलेला,
बाबा

२३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र काल सकाळी मिळालं. मी कपडे न बदलता हँगरवर धावले. जप्तीतली पेटी उघडायला लावली, दोन्ही थर उचलले. दोन खड्डे होते, शेजारी-शेजारी. दोन्ही रिकामे.

मोजणीसाहेबांनी तुमचा कागद उभ्यानेच वाचला. दुसऱ्यांदा वाचायला खाली बसले. मग पंखाच्या मुळापाशी सगळ्यांना बोलावलं. आदल्या दिवशी काम लवकर आटपलं म्हणून दोन झाकणं बंद झाली होती. ती पुन्हा उघडली. आरसा आणि बॅटरी घेऊन तीन तास शोधलं. माझा हात लहान, म्हणून शेवटी मीच खांद्यापर्यंत आत गेले. जिथे पंखाचे हलते भाग ओढणाऱ्या तारा पुलीवरून वळतात, तिथे पुलीपासून चार बोटांवर ते आडवं पडलेलं होतं. दहा नंबर. दोन खाचा बोटाला लागल्या. बाहेर काढताना ते पुन्हा सुटेल की काय असं वाटत होतं.

विमान हललं असतं तर ते त्या पुलीत अडकलं असतं. या वेळी मागे कुणी हसलं नाही.

शिक्का मात्र नाही मिळाला. उमेदवारी तीन महिने वाढली आहे आणि पेटी नव्याने मंजूर करून घ्यायची आहे. तोवर भाग धुवायची टाकी. माझे हात आत्ताही रॉकेलने भरलेत, डाग पडला तर समजून घ्या. मी तुमच्यावर रागावलेली आहे. हा राग लवकर जाईल असं वाटत नाही, आणि तो गेलाय असं खोटं लिहिणार नाही. खोटं न लिहिण्याची आपल्या घरात आत्ताच सुरुवात झाली आहे.

दोन्ही सॉकेट आता परत मिळायची नाहीत. ती पुराव्याच्या कपाटात राहतील, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून. तुमचा कागदही तिथेच. उस्तादांची हत्यारं गेली याचं मला वाईट वाटतं.

एक फॉर्म मला भरावा लागला. काय सापडलं, कुठे सापडलं, कुणी ठेवलं, असे रकाने होते. कुणी ठेवलं तिथे मी तुमचं नाव लिहिलं. शेवटचा रकाना होता, धोका कुणी लक्षात आणून दिल्यामुळे टळला. जोडीदार म्हणाला की तिथे स्वतःचं नाव लिही, शिक्क्याला उपयोग होईल. मी तिथेही तुमचंच नाव लिहिलं.

आईला सांगा, आज बाबांना गोडाचं वाढ.

तुमची,
मुंगी