फात्श्वा बैल नांगरासाठी परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
दिथाबेंग जिल्हा परिषद,
दिथाबेंग, बोत्स्वाना.

अर्जदार : श्रीमती मोसेत्सानागापे केबोनांग ऊर्फ म्मा-तिरो (म्हणजे तिरोची आई), मु. सेरुबाने, ओढ्यापलीकडे.

विषय : राष्ट्राच्या नावाखाली परिषदेच्या आवारात बांधून ठेवलेला माझा नांगराचा बैल आजच्या आज सोडण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. २) त्यांवरील आपला शेरा, "भाषा सौम्य करून पुन्हा सादर करावा." ३) परवाचा पाऊस.

महोदय,

आपल्या शेऱ्यानुसार भाषा सौम्य करण्याचा प्रयत्न केलेला आहे. जिथे जमलेले नाही तिथे ते मुद्दाम आहे, असे समजावे.

मी सेरुबाने गावची कायमची रहिवासी आहे. माझे पती जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणीत कामाला असून पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्यांचा करार संपत नाही. घरी सासूबाई, मी आणि मुले. नांगर मीच धरते. पूर्वी आम्ही सहा बैल जुंपत असू. दुष्काळाने चार नेले आणि फात्श्वा व तांबडा ही एकच जोडी उरली. ही जोडी मी स्वतःच्या तोंडचा घास काढून जगविली. विहीर आटली तेव्हा नदीच्या कोरड्या वाळूत खड्डे खणून वाडग्याने पाणी काढले आणि आधी बैलांना पाजले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी माणसांचं बघ की!" मी म्हटले, "माणसं रांगेत उभी राहून पीठ मागू शकतात. बैलाला कोण देतंय?" पुढे एक दिवस बैलालाही परिषद पीठ चारील, हे तेव्हा मला कुठून ठाऊक असणार! तो मुद्दा खाली येईलच.

फात्श्वा अंगाने काळा-पांढरा आहे. एवढाच त्याचा गुन्हा.

स्वातंत्र्याच्या आदल्या आठवड्यात आपण स्वतः परिषदेचे दोन सभासद घेऊन आमच्या अंगणात आलात. आपण म्हणालात, "म्मा-तिरो, नवा झेंडा निळा आहे आणि मधोमध काळा-पांढरा पट्टा. निळं आभाळ आपल्याकडे पाहिजे तेवढं आहे. काळा-पांढरा बैल मात्र दोन्ही गावांत मिळून तुमच्याकडेच. मिरवणुकीत पुढं चालू दे त्याला. संध्याकाळी मी स्वतः दारात आणून बांधतो." आपल्या मातोश्री आणि मी एकाच ओढ्यावरून पाणी भरत असू. आपण लहान असताना आपले नाक मी पुसलेले आहे. आपला शब्द मी कसा खाली पडू देणार? शिवाय खरे सांगायचे तर मलाही हौस आली होती. माझा बैल राष्ट्राच्या पुढे चालणार! मी त्याची शिंगे चरबी लावून चकचकीत केली, खुरांमधली माती काडीने काढली. हे मी लपवीत नाही.

मिरवणूक उत्तम झाली. जुना झेंडा खाली आला, नवा वर जाताना दोरी मध्येच अडकली, ती सोडवायला आपला शिपाई खांबावर चढला, आणि तोवर सगळी माणसे श्वास रोखून उभी होती. झेंडा उलगडला तेव्हा मी रडले. माझ्या सासऱ्यांचा जन्म गोऱ्या साहेबापुढे टोपी काढून उभे राहण्यात गेला. ते असते तर त्या दिवशी टोपी घालून, ताठ मानेने उभे राहिले असते. त्या दिवसाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तक्रार त्या संध्याकाळपासून सुरू होते.

संध्याकाळच्या गावसभेत आपण भाषण केलेत आणि शेवटी म्हणालात, "हा बैल आता एका घरचा राहिला नाही, राष्ट्राचा झाला!" यावर सर्वांनी "पुला! पुला!" अशी आरोळी ठोकली. मीही ठोकली. आता आपले म्हणणे असे की, अर्जदाराने भरसभेत, मोठ्या आवाजात संमती दिलेली आहे आणि तशी नोंद इतिवृत्तात आहे. महोदय, आपल्याकडे कोणाचेही भाषण संपले की पावसाच्या नावाने हीच आरोळी ठोकतात, हे आपल्याला नव्याने सांगायला हवे काय? लग्नात ठोकतात. साहेब कर वाढवून गेला तेव्हाही ठोकली होती. पाच वर्षे आभाळातून थेंब पडलेला नव्हता, तेव्हा पावसाचे नाव घ्यायला कोण मागे राहील? त्या दिवशी कोणी "सचिवाला विहिरीत ढकला" असे भाषण केले असते, तरी गावाने शेवटी "पुला"च म्हटले असते.

दुसऱ्या दिवशी मी दोरी घेऊन आले. आपण म्हणालात, "म्मा, वर्तमानपत्रात फोटो छापून येईपर्यंत थांबा." मी थांबले. फोटो आला. त्यात बैल कमी आणि आपण जास्त आहात. मग आपण म्हणालात, "मंत्रीसाहेब बैल बघायला येताहेत." मी पुन्हा थांबले. मंत्रीसाहेबांची गाडी वाटेत वाळूत रुतली. ती बाहेर काढायला बैल लागले, ते पलीकडच्या गावाने दिले, आणि मंत्रीसाहेब तिथूनच परत गेले. माझा बैल मात्र इकडे धुऊन-पुसून त्यांची वाट बघत उभा होता. अडलेल्या गाडीच्या कामाला आलेले बैल त्याच संध्याकाळी आपापल्या घरी गेले, हे विशेष.

यानंतर परिषदेने ठराव केला की, सदर बैल राष्ट्रीय वर्णाचा असल्याने त्याला नांगराला जुंपता येणार नाही. मी कारण विचारले तेव्हा आपण खुर्चीवरून उठून, सभेत बोलतात तसे बोललात : "म्मा-तिरो, आपण नुकतंच परक्यांचं जोखड फेकून दिलंय. झेंड्याच्या रंगाच्या बैलाच्या मानेवर पुन्हा जोखड ठेवलं तर जग काय म्हणेल?" मी म्हटले, "जग माझ्या घरी जेवायला येणार आहे का? येणार असेल तर आधी ज्वारी पिकवू दे." आपण हे उत्तर इतिवृत्तात घेतले नाही. महोदय, जोखड काढून ठेवले की शेत आपोआप नांगरले जाते, असे ज्या शाळेत शिकवतात त्या शाळेचे नाव मला कळावे. माझी मुले तिथे घालायची नाहीत.

त्यानंतर आपण विचारलेत, बैल कोणाच्या नावावर आहे? कातड्यावर मालकीचा डाग नवऱ्याचा आहे, म्हणून नवऱ्याने समक्ष यावे. माझा नवरा जमिनीच्या पोटात आहे. तो समक्ष यायला त्याला आधी जमिनीवर यावे लागेल, आणि करार मोडून आला तर मजुरी बुडेल. मतदानाच्या दिवशी मी मताची रंगीत चकती घेऊन पडद्याआड गेले, तेव्हा नवऱ्याला घेऊन या, असे मला कोणी म्हटले नव्हते. देश निवडायला मी एकटी पुरले. बैल सोडवायला पुरत नाही होय?

आता पिठाचा मुद्दा. मदतीचे पिवळ्या मक्याचे पीठ आम्हाला दर आठवड्याला मिळत होते. गेल्या महिन्यात रांगेत माझा नंबर आला तेव्हा आपला कारकून म्हणाला, "तुमचं नाव कमी झालं, म्मा. तुम्ही राष्ट्राला बैल देणाऱ्या. गरीब कशा?" पाठीमागच्या बायका फिसकन हसल्या. मी रिकामी पिशवी घेऊन निघाले, तर कुंपणाआड फात्श्वा घमेल्यात तोंड घालून तेच पीठ खात होता. त्याच्या नाकाला पीठ लागले होते. माझा आवाज ऐकून त्याने मान वर केली आणि हंबरला. तेव्हा आपला शिपाई बाहेर येऊन मला म्हणतो, "बाई, कुंपणाशी उभं राहू नका. कचेरीच्या कामात व्यत्यय येतो." माझ्या घरचा बैल माझ्या मुलांचे पीठ खातो, आणि व्यत्यय मी आणते! त्या दिवशी मला रडू फुटले. दुःखाने नव्हे, संतापाने. घरी जाऊन मी भांडी आपटली, तर सासूबाई म्हणाल्या, "भांड्यांनी काय केलंय तुझं?" काही केले नव्हते. सचिवसाहेब हाताशी नव्हते, इतकेच.

बैलाऐवजी परिषदेचा ट्रॅक्टर माझे शेत नांगरून देईल, असेही आपण कळविले होते. ट्रॅक्टर मी पाहिला. लाल आहे, सुंदर आहे, दूरच्या देशाने आपल्याला भेट दिलेला आहे, आणि आल्या दिवसापासून बैलाच्या शेजारी उभा आहे. त्याला तेल नाही. तेल आणायला गाडी नाही. परिषदेची गाडीही वाळूत आहे. शाळेची पोरे येता-जाता ट्रॅक्टरला सलाम करतात. करोत. नवा देश आहे, सगळे एका दिवसात होत नाही, हे मलाही कळते. कचेरीत तीन माणसांत दोन खुर्च्या आहेत, आपण स्वतः रात्रंदिवस राबता, पगार वेळेवर होत नाही, हेही कळते. पण चालत नाही ते यंत्र आणि चालतो तो बैल, दोन्ही शेजारी-शेजारी उभे करून ठेवायचे, हे कसले राज्य?

परवा पाऊस झाला. हे आपल्याला सांगायला नको. आपणही अंगणात येऊन भिजलात, असे ऐकले. पाच वर्षांनी जमीन मऊ झाली आहे आणि हे डिसेंबरचे, भर उन्हाळ्याचे ऊन तिला आठवडाभरही ओली राहू देणार नाही. या ओलीत ज्वारी पडली तर वर्ष निघेल. नाही पडली तर माझी मुले पुन्हा रांगेत, आणि रांगेत आमचे नाव नाही. काल सकाळी तांबड्याला एका बाजूला जुंपले आणि दुसऱ्या बाजूला मी स्वतः मान घातली. सासूबाईंनी नांगर धरला. त्यांना आता नीट दिसतही नाही. जेमतेम नांगराची एक सरी निघाली, तीही वाकडी. बांधाशी वळायची वेळ आली की तांबडा थांबे आणि जोडीदाराच्या बाजूला मान वळवून बघे. तिथे मी! त्यालाही ते पटेना. शेवटी तो बसला तो उठेचना. सासूबाई मातीत बसून हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. माझ्या खांद्याचे कातडे सोलले आहे. वैद्यकीय दाखला हवा असल्यास खांदा समक्ष दाखवीन.

गोऱ्या साहेबाच्या कचेरीत मी जन्मात कधी अर्ज केला नाही. त्याच्या शिपायाने आमची दुभती गाय नेली होती, तेव्हाही नाही. त्याच्याकडून काही परत मिळेल अशी आशाच नव्हती, आणि आशा नसली की भांडायलाही जीव होत नाही. आपल्याशी मी दोन महिने भांडते आहे, कारण आपण आमचे आहात. आपल्याला त्या खुर्चीवर बसलेले बघून आपल्या मातोश्रींच्या खालोखाल मीच आनंदले असेन. म्हणून तर राग इतका आहे. परक्याने लुटले तर माणूस दार लावून घेतो. घरच्याने लुटले तर त्याचा कान धरतो.

निवडून आलेल्या परिषदेच्या पहिल्या सभेत आपण सांगितले होते की, साहेब अर्ज न वाचता टोपलीत टाकायचा, पण मी प्रत्येक अर्ज पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचीन, आणि वाचून होईपर्यंत खुर्ची सोडणार नाही. लोक याला हसतात. मी हसत नाही. आपण हा शब्द पाळता, हे मी दोन्ही वेळा ओसरीवर बसून पाहिले आहे. स्वातंत्र्याने आम्हाला ज्या खऱ्या गोष्टी दिल्या त्यांत ही एक मोठी आहे, असे मी शपथेवर सांगेन.

म्हणूनच हा अर्ज जरा लांब लिहिला आहे.

पाऊस पडल्यापासून आपला शिपाई, कारकून आणि आवाराचा पहारेकरी आपापल्या शेतावर पेरणीला गेलेले आहेत. त्यांच्या बैलांना राष्ट्राचा रंग नाही, त्यांचे नशीब. कचेरीत आपण एकटेच आहात. अर्ज हातात घेऊन आपण नेहमीप्रमाणे मला "म्मा, बाहेर बसा" असे सांगितले असेल. मी बाहेर आहे. बसलेली मात्र नाही. आपण या ओळीपर्यंत पोचेस्तोवर फात्श्वा आणि मी ओढा ओलांडून गेलेलो असू.

मला अटक करायची असल्यास पेरणी संपल्यावर यावे, मी घरीच आहे. त्याआधी येणार असाल तर बूट काढून यावे. नांगर धरायला माणूस कमी पडतो आहे.

कळावे.

आपली
(नम्र, पेरणी झाल्यावर)

मोसेत्सानागापे केबोनांग
मु. सेरुबाने
दि. ५ डिसेंबर १९६६, सोमवार

सोबत : बैलाच्या शिंगांना बांधलेली निळी फीत. ती राष्ट्राची असल्याने खुंटीलाच बांधून ठेवली आहे.