एकतीस फूट

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून मी कोस्की लेक गावातल्या फिनिश हॉलची, म्हणजे फिनलंडहून आलेल्यांच्या जुन्या सभागृहाची, प्रोजेक्टरवाली. नव्या नोकरीला नवी वही हवीच, म्हणून ही. डुलुथ शहरातल्या हॉटेलांमध्ये एकोणीस वर्षं मी साहेबलोकांचे आलेख पडद्यावर दाखवले. आता इथे दर बुधवारी दुपारी एक वाजता म्हाताऱ्यांना सिनेमा दाखवायचा. पगार ऐकून कोणालाही हसू येईल, पण बाबांच्या घरापासून हॉल चालत चार मिनिटांवर आहे आणि मला तेवढंच हवं होतं.

बाबा आता चौऱ्याऐंशीचे. छत्तीस वर्षं लोखंडाच्या खाणीत काढली, आणि गेल्या वर्षी रिकामी किटली गॅसवर ठेवून तळ जाळला. भाऊ म्हणतो, त्यांना वृद्धाश्रमात ठेवू या. मी त्याला स्पष्ट सांगितलंय, की जोवर बाबा मला ओळखतात तोवर त्यांना घरातून कोणी हलवायचं नाही. आणि ओळखतात ते. आज सकाळीच ओरडले, की सेल्मा, ही कॉफी आहे की भांडी धुतलेलं पाणी! मला इतका आनंद झाला की दुसरी करून दिली.

हॉलची सगळी व्यवस्था डोरीन पेल्टोलाकडे आहे. बाई तोंडाने फटकळ, पण किल्लीबरोबर वेलदोड्याचा ताजा गोड पाव हातावर ठेवला. माझ्याआधी अकरा वर्षं रे लाहती नावाचे गृहस्थ प्रोजेक्टर चालवायचे. गुडघे गेले म्हणून ते आता शेजारच्या गावात वृद्धाश्रमात आहेत.

मशीन चांगलं आहे. हॉलच्या मागे टेबलावर बसवलेलं. चालू केलं की अर्ध्या मिनिटात तापतं, मग समोरचं अंतर स्वतःच मोजून चित्र स्पष्ट करतं आणि तो आकडा कोपऱ्यात दाखवतं. एकतीस फूट. मी टेप लावून पाहिली, बरोब्बर एकतीस.

चित्र मात्र भयंकर! सगळंच्या सगळं उजवीकडे ढकललेलं. पडद्याचा डावा तिसरा हिस्सा काळा, आणि उजवीकडे निम्मा काऊबॉय खिडकीच्या पडद्यावर. मी डोरीनला विचारलं, हे काय गं? ती म्हणाली, रेचा हट्ट, हात लावू द्यायचा नाही कोणाला. आता गावाला इतकी सवय झालीय की लोक घरीसुद्धा टीव्हीसमोर तिरके बसतात. मी पोट धरून हसले. पण वाकडं दिसलं की माझं डोकं फिरतं. दाताच्या डॉक्टरकडच्या तसबिरीसुद्धा मी उठून सरळ करते. उद्या पहिलं काम हेच.

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी दहालाच गेले. चित्र मधोमध आणायला दहा मिनिटं लागली. मग जाळी लावली. म्हणजे काळ्यावर पांढऱ्या रेघांचे चौकोन. त्यात कुठे वाकडं आहे ते लगेच कळतं. डावीकडे, जिथे इतकी वर्षं अंधार होता, तिथल्या रेघा फुगल्या होत्या. जमिनीपासून माझ्या डोक्याच्या जरा वरपर्यंत. पडद्याचं कापड सैल झालं असणार असं वाटलं, पण डोरीनने आणि मी हाताने चाचपलं तर ताठ. असो. या मशीनमध्ये चौकोनाचा एकेक कोपरा पकडून सरकवता येतो. दीड तास खपले आणि एकूण एक रेघ सरळ केली.

सिनेमाला अठरा जण. चित्र आलं आणि टाळ्या पडल्या! पहिल्या रांगेतली हिल्मा उठून थेट पडद्यापर्यंत जाऊन आली आणि म्हणाली, अकरा वर्षांत पहिल्यांदा हिरोचे दोन्ही कान दिसले. बाबांनी आपली खुर्ची माझ्या टेबलाशी ओढून घेतली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसले, की ही आमची मुलगी. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

बंद करताना कोपऱ्यात अठ्ठावीस दिसलं. टेपने एकतीसच. मोजणाऱ्या भिंगावर धूळ बसली असेल.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

भिंग पुसलं. आकडा सव्वीस. जाळी पुन्हा फुगलेली, आणि जागा बदलून: फुगवटा मधल्या बाजूला सरकलाय, जरा मोठाही झालाय. पुन्हा सरळ केली. मशीनला चार शिव्या घातल्या.

डोरीन सांगत होती, हिल्मा काल पोस्टात आपल्या टपालपेटीचा नंबर आठवत उभी राहिली. चाळीस वर्षं तोच नंबर. वय झालं, दुसरं काय.

११ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी आकडा पंचवीस होता, सिनेमा संपताना एकवीस. खुर्च्यांची पहिली रांग माझ्यापासून बावीस फुटांवर आहे. हे मी उगीच मोजलं, मोजायला नको होतं.

हिल्मा आली नाही. सिनेमा संपल्यावर पहिल्या रांगेतले आर्विड कोटाच्या एका बाहीत हात घालून बसून राहिले. ही दुसरी बाही कशासाठी असते, असं बायकोला विचारत होते. ती आधी हसली. मग तिचं हसू थांबलं.

संध्याकाळी डोरीनचा फोन. पहिल्या रांगेत पाच जण होते, पाचही जणांचं असंच काहीतरी. एकीला आपल्या कुत्र्याचं नाव येईना. अगं, पाच जणांना एकाच दुपारी म्हातारपण येतं का, असं ती विचारत होती. मी म्हटलं, थंडीचे दिवस आहेत. थंडीचा काय संबंध, मलाही माहीत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी केलेल्या सगळ्या दुरुस्त्या पुसून टाकल्या. जाळी जशी आहे तशी लावली.

फुगवटा माणसाचा आहे. खांदे आहेत. डोकं आहे. पडदा रिकामा, मधली जागा रिकामी, दिवसाढवळ्या खिडकीतून ऊन आलेलं, आणि रेघा मात्र कोणीतरी उभं असावं तशा वळसा घालून जातात. कोणीतरी माझ्या आणि पडद्याच्या मध्ये उभं आहे आणि मी ते दोनदा बसून, मन लावून, सरळ करून लपवलं.

आकडा सतरा. बघता बघता रेघा थोड्या हलल्या. सोळा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

रे लाहतींना भेटून आले. हातात कॉफी, डोकं अगदी शाबूत. मी नाव सांगितलं, हॉलमध्ये प्रोजेक्टर चालवते म्हटलं. त्यांनी एकच विचारलं, किती फूट? मी सोळा म्हटलं. त्यांनी कप खाली ठेवला.

मग म्हणाले, ती डावीकडची काळी जागा त्याच्यासाठीच ठेवली होती. अंगावर मशीनचा उजेड पडला नाही तर ते उभं राहतं, बस. कोणाला त्रास नाही. एकदा उजेड पडला की उजेडाच्या दिशेने चालू लागतं, आणि ज्याच्यातून जाईल त्याचं काहीतरी घेऊन जातं. मी विचारलं, आता बंद करून टाकलं तर? ते म्हणाले, बंद केल्याने ते थांबत नाही पोरी, तुला दिसायचं थांबतं. आणि रेघा सरळ कशाला केल्यास? वाकड्या होत्या तोवर कळत तरी होतं ना, ते कुठे आहे ते.

थांबवायचं कसं, ते त्यांना माहीत नाही. त्यांनी कधी ते चालू होऊच दिलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

अकरा. चित्र पुन्हा उजवीकडे ढकलून पाहिलं. काही उपयोग नाही. आता ते चित्राकडे येत नाही, मशीनच्या दिव्याकडे येतं.

डोरीनला सगळं सांगितलं. ती आधी म्हणाली, सेल्मा, तू झोपतेस का नीट? मग मी तिला जाळी दाखवली. तिने कोट घातला आणि बाहेर जाऊन गाडीत बसली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आठ. जाळीचा अर्धा भाग वाकलाय.

ठरलं. उद्या सकाळी दारावर ‘सिनेमा रद्द’ची पाटी लावायची आणि बाबांना घेऊन सरळ डुलुथला भावाकडे. बॅगा भरल्या. बाबा विचारत होते, उद्या बुधवार ना, सिनेमा कुठला? मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी १०.४०

पाटी लावायला आले. आकडा पाहायला आत गेले, तेवढ्यात डोरीनची व्हॅन. व्हॅनमध्ये बाबा. घरात मी दिसले नाही म्हणून सपाता घालून बर्फात रस्त्यावर उभे होते, सेल्माकडे जायचंय म्हणत. ती बिचारी त्यांना इथे घेऊन आली. दुसरं काय करणार.

मी काही बोलायच्या आत ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले. टेबलापुढे, तीन फुटांवर.

आकडा पाच.

१०.५०

उठत नाहीत. पाय गारठलेत, सिनेमा झाल्यावर जाऊ म्हणतात. मी ओढते, ते हसतात. जड आहेत. डोरीन माणसं आणायला धावलीय.

जाळी सगळी वाकडी. एक रेघ सरळ नाही—

चार.

मी खुर्चीपुढे जमिनीवर बसले. त्यांच्या आणि त्याच्या मध्ये. आधी मला लागेल. वही गुडघ्यावर आहे. लिहीत राहिले तर काय गेलं ते कळेल.

हॉल. बुधवार. भाऊ डुलुथला, त्याचं नाव— त्याचं नाव

थंड नाही. वारा नाही. काहीच नाही, फक्त

डोरीन म्हणजे व्हॅनवाली

समोर पांढऱ्या रेघा आहेत. छान आहेत. कशासाठी ते

पेन. हे पेन आहे.

—

मागे खुर्चीत एक म्हातारा बसलाय. त्याने माझा खांदा घट्ट धरलाय. रडतोय. कोणाचा आहे कोण जाणे, कोणी घेऊन का जात नाही त्याला. पुन्हा पुन्हा एक नाव सांगतोय. माझं आहे म्हणे. लिही म्हणतो, लवकर लिही पोरी, मी आहे ना, मी सांगतो तसं लिही. बरं, लिहिते. से—