रॅम्बलरवरची पिवळी खूण

मी, ल्युसिल पावलाक, कै. क्लेमेंट यांची पत्नी, वय एक्याऐंशी, राहणार केनोशा, विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने करीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पुतण्या ड्वेन तसा केक घेऊन येऊन गेला.

कलम १. राहते घर व बँकेतली शिल्लक मुलगी जॉइस हिला. यावर कोणाचा डोळा नसल्याने कलम इथेच संपते.

कलम २. सन १९६१ ची रॅम्बलर गाडी. ड्वेन हिला 'दुर्मिळ वारसा' म्हणतो. इथल्या कारखान्यात आम्ही ती बनवत होतो तेव्हा मोठ्या गाड्यांवाले हिला खेळणे म्हणत. मग त्यांनीही लहान गाड्या काढल्या. पुढे आमचा कारखाना बंद पडला, गाव रिकामे बसले, तेव्हा कुठे शौकिनांना वारसा दिसला. मी सीटची कव्हरे शिवत असे, क्लेमेंट तपासनीस. पास झालेल्या गाडीवर तो पिवळ्या मेणखडूने खूण करी. आमच्या गाडीच्या इंजिनामागच्या पत्र्यावर त्याने खुणेशेजारी माझ्या नावाचे पहिले अक्षर काढले. प्रेमपत्रे लिहिणे त्याला जमत नसे.

कलम ३. क्लेमेंट गेल्यावर ड्वेनने गाडी प्रदर्शनाला नेली. परीक्षकांपुढे चकचकीत दिसावी म्हणून इंजिन वाफेने धुतले. खूण गेली, आणि तिच्यासोबत गुणही, कारण या मंडळींत कारखान्यातल्या रेघोट्यांना फार मान. ड्वेन हुशार. त्याने खडू आणला, फोटोवरून खूण गिरवली, पुढच्या वर्षी पहिला नंबर काढला आणि मला बॉनेट उघडून दाखवले.

"काकू, बघ, आत्ताच कारखान्यातून आल्यासारखी."

"आणि माझं अक्षर?"

"ते काढलं तर परीक्षक म्हणतील, मागाहून कुणीतरी गिरवलंय."

सबब, तो करंडक व उरलेला खडू ड्वेनला. त्याने हवा तेवढा अस्सलपणा काढत बसावे.

कलम ४. गाडी जॉइसला. तिला गाडीतले काही कळत नाही, असे ड्वेनचे मत. खरे आहे, ती फक्त चालवते. दर शुक्रवारी मला तळलेले मासे खायला नेते आणि सीटवर सॉस सांडते. हे असेच चालू ठेवावे. गाडी ट्रेलरवर कधीही चढवू नये, ती आजारी नाही.

कलम ५. जॉइस, मागच्या सीटची गादी उचल. खाली पत्र्यावर तेच अक्षर आहे, तुझ्या बाबांच्या हातचे. ती गादी मीच बसवली होती. परीक्षक तिथे पाहत नाहीत, म्हणून ड्वेननेही पाहिले नाही. मला तुझ्या बाबांची फार आठवण येते गं. पाहून झाले की गादी परत बसव आणि वेळेवर नीघ, नाहीतर मासे संपतात.

सही: ल्युसिल पावलाक

आमच्यासमक्ष सही केली व लगेच जेवायला बसल्या:
१. ऑगस्ट लेमके, खानावळीचे मालक
२. बर्निस टॉरगरसन, शेजारीण

केनोशा, शुक्रवार, १६ ऑक्टोबर २००९