कोसा उकडणारं इंजिन

तीर्थरूप तुलारामदादाले आंधळगावहून रत्नमालेचा नमस्कार. वाकून केला आहे, गुडघे जेवढं वाकू देतात तेवढा.

तुझी कंबर आता कशी आहे गा? जवाईबापूंनी पाठवलेलं तांदळाचं पोतं उचलता उचलता कंबर धरली, असा वहिनीचा निरोप मिळाला. (कोणता तांदूळ, कधी पाठवला, मले काही माहीत नाही. आमच्या घरी तांदूळ कोणत्या डब्यात राहते हे बी त्यायले माहीत नाही. पण पाठवला असंल तर खाऊन घ्या.) कंबरेले लसणाचं तेल लाव आणि पोते उचलू नको. हे पत्र ज्या पोत्यासोबत येऊन राहिलं ते मात्र उचलावंच लागंल, त्याले माझा इलाज नाही. फोनवरच सांगितलं असतं, पण मी फोन कानाले लावला का आमचे हे टीव्हीचा आवाज बंद करून ऐकत बसतात.

तर इंजिनाचं सांगते. तळ्याच्या पाळीजवळ खाणीचं ते जुनं इंजिन उभं आहे नं, माझ्या लग्नात तू चिखलात पडला आणि ज्याच्यावर पँट वाळू घातली, तेच. खाण बंद पडली, रूळ हळूहळू लोकांनी नेले (शेजारच्या मंदाबाईच्या गोठ्याले आडवे लोखंड कशाचे आहेत ते येशील तेव्हा पाहून घे), आता इंजिन आणि पाळीपर्यंतचा रुळाचा तुकडा तेवढा राहिला. हे एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झाले तसे घरात नुसते बसून राहायचे. चहा झाला का पेपर, पेपर झाला का पंख्याकडे पाहणं. बोलायचे बी नाही. मले लई भेव वाटे गा. मग एक दिवस पाना घेऊन इंजिनापाशी गेले, ते संध्याकाळी काळेकुट्ट होऊन, गाणं म्हणत घरी आले. त्या दिवशी मी साबणावरून भांडली नाही.

गावात लगेच दोन पक्ष झाले. मंदाबाई म्हणे, म्हाताऱ्याले आता पळवता कायले, शेंदूर लावा आणि बसू द्या. हे म्हणत, बसून बसूनच तर गंजलं ते. (कोणाबद्दल बोलून राहिले ते मले समजत होतं.) मग एसटीच्या अकलेनं वाफेच्या इंजिनाची दुरुस्ती सुरू झाली. पहिला आठवडा तर त्याचा क्लच शोधण्यातच गेला. पण बाप्पा, पोळ्याच्या दिवशी इंजिन खरंच पाळीपर्यंत गेलं आणि मागे बी आलं. सजवलेले बैल असे बिचकले का झुली, घुंगरं घेऊन सरळ धानात घुसले, आणि ज्यायच्या बांध्या तुडवल्या ते अजून आमच्याशी बोलत नाही.

आता वाफ तयार झालीच आहे तर वाया काहून घालवायची? आम्ही कोशाचं रेशीम विणणाऱ्या बाया. कोसे सोड्याच्या पाण्यात उकडायले किती सरपण लागते ते तुले ठाऊक आहे. हे दर बुधवारी इंजिन पेटवतच होते. मी एक नळी जोडली, मंदाबाईनं तिचं मोठं गंज-पातेलं ठेवलं, आणि शेंदराचा पक्ष तिथंच संपला. हे ओरडत, का हे इंजिन आहे, चूल नाही. पण पुढं पुढं कोसे शिजले का नाही ते झाकण काढून स्वतःच पाहायले लागले.

सगळं चांगलं चाललं होतं, तर वरच्या कार्यालयाचा कागद आला. इंजिन चालू असंल तर मोठ्या शहरातल्या संग्रहालयात नेऊ, बंद असंल तर जागेवरच राहील, वरून पत्र्याचं शेड बी बांधून देऊ. हे त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आपलं बंद आहे. चाकांले चिखल फासला, धुराड्यात धानाचं तणस कोंबलं, पाहणाऱ्याले रडू यावं असं रूप केलं. त्या कार्यालयाचा साहेब पाहणीले सोमवारी येणार होता. आला बुधवारी. आणि बुधवार म्हणून मंदाबाईनं तणस उपसून सकाळीच पेटवून ठेवलेलं. हे तोंड पाडून साहेबाले सांगून राहिले का मेलं साहेब, कधीचंच मेलं, आणि मागे ते मेलेलं फुसफुस करून राहिलं, मंदाबाई काडीनं कोसे ढवळून राहिली. साहेब चिडला नाही गा, चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त कौतुकानं विचारलं, का वाफ किती वेळात धरते? बस. तुझे जवाईबापू सगळं विसरले. धुराड्यापासून चाकापर्यंत एक एक नट त्याले समजावून सांगितला, वरून चहा पाजला.

आता साहेब पुढच्या महिन्यात जाणकार माणूस आणि मोठा ट्रेलर घेऊन येते. इंजिन हललं का नेणार. इकडं इंजिनाचा वाफ सोडायचा दांडा परवापासून सापडून नाही राहिला. हे घरभर शोधतात, पण शिटी वाजवत शोधतात, त्याचंच मले नवल वाटते.

बाकी सगळे बरे. वहिनीले आणि लेकरायले माझी आठवण सांग.

तुझी लहानी,
रत्नमाला

ता.क. दांडा या पोत्यात आहे, तांदळाच्या मधात. मीच काढला. साहेब जाईपर्यंत तुझ्या कोठीत लपवून ठेव आणि ह्यायले कळू देऊ नको. इंजिन गेलं तर हा माणूस पुन्हा पंख्याकडे पाहत बसंल. ते मले पाहवणार नाही गा.

आणखी ता.क. बस स्टँडवरून लिहून राहिली. ड्रायव्हर नीलेश पोतं डिक्कीत ठेवता ठेवता म्हणाला, का मामी, मामाजींनी बी मागच्या आठवड्यात असंच जड पोतं पवनीले तुमच्या भावाकडं दिलं, मामीले सांगू नको म्हणाले. दादा, तो तांदूळ शिजवायच्या आधी त्याच्यात हात घालून पाहा. पितळेचं काही लागलं तर पुसून, तेल लावून ठेव. ज्यानं जीव लावून ते इंजिन चालवलं त्यानंच ते बंद पाडलं, आणि मी खुळी त्याच्या शिटीचं नवल करून राहिली. इथं उभ्या उभ्या हसू बी येते आणि डोळे बी भरतात. त्यायले काही बोलू नको. मी घरी जाऊन त्यायच्यासोबत दांडा शोधते. साहेब रिकामा गेला का दोन्ही पोते घेऊन ये. मले एकदा त्या इंजिनात ह्यायच्या बाजूले बसून पाळीपर्यंत जायचं आहे.

शेवटची ता.क. माझ्यामागे रांगेत मंदाबाई उभी आहे, डोक्यावर पोतं. विचारून राहिली, तुलारामभाऊ घरीच आहेत नं? दादा, तुझ्या कंबरेचं काही खरं नाही.